अधिक श्रावणातली खूण

"पोरीला खूण सांगायची म्हंजे दुकानाला दुसरं दार पाडायचं!" संगप्पा चुलीपाशी ओरडला, आणि त्याच्या बायकोची भाकरी तव्यावरच करपली.

"मग नागप्पाला सांगितली ती? त्याला अजून धड नाक पुसता येत न्हाय!"

"त्यो हितंच ऱ्हाणार. ही उद्या दुसऱ्याच्या घरात जाणार. जाताना खूण संगं न्हेईल की!"

"न्हेऊ द्या. तेवढंच काय तरी माहेरचं!"

कोठीच्या दाराआड दाक्षायणी दोरे तोडत बसली होती. आपल्यावरून भांडण चाललंय आणि आपल्याला कुणी विचारत नाही, हे तिला तिथंच कळलं. पुढंही फारसं कुणी विचारलं नाही.

सोलापुरात चाटी गल्लीतले कापडवाले चादरीच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव आकड्यात लिहीत नसत. दहा अक्षरं मनाशी ठरवायची, एकेक अक्षर एकेका आकड्याच्या जागी. गिऱ्हाइकाला दिसायचं नुसतं अक्षर. दुकानदाराला कळायचं, घासाघीस कुठवर चालू द्यायची. हीच त्या दुकानाची खूण. चिठ्ठ्या चादरींना बांधायचं काम दाक्षायणीचं. म्हणजे वाढायचं हिनं आणि पंगतीला बसायचं दुसऱ्यांनी.

लग्न होऊन ती अक्कलकोटला गेली आणि कपाळ मोकळं घेऊन परत आली. तोवर आईबाप गेले होते. नागप्पानं तिला मागची खोली दिली, जेवण दिलं, वर्षाची लुगडी दिली, चिठ्ठ्यांचे गठ्ठेही दिले. खूण दिली नाही. ती तर आता कुठंच जाणार नव्हती. तरीही नाही.

माडीवर भावाचा संसार, पुढं दुकान, मध्ये अंगण आणि मागं ती. दिवसाचं बोलणं म्हणजे "जेवलीस का अक्का" आणि "व्हय". बोलायला माणूस नसलं की मन हाताशी असेल त्याच्याशी बोलायला लागतं. तिच्या हाताशी चिठ्ठ्या होत्या.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर अंगणापलीकडची खोली गोदावरीबाईंनी भाड्यानं घेतली. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या, एकट्याच असायच्या. एका दुपारी त्यांना दाक्षायणी चिठ्ठ्यांच्या राशी लावताना दिसली.

"काय हो दाक्षाबाई, पत्ते मांडलेत का?"

"न्हाय वो. ज्या अक्षरावर चिट्टी संपती, त्याची येगळी रास. ह्या एकाची लई मोठी झाली. माणूस भाव ठरवताना शून्यावर येऊन टेकतो की. मग हे शून्य. खालोखाल हे, म्हंजे ते पाच आसंल. पुढच्या घरात एक-दोन-तीनच जास्ती, चादर काय शंभराला येती व्हय?"

बाई पदर खोचून खाली बसल्या. "ह्याला गणित म्हणतात, ठाऊक आहे?"

"आसंल. मी त्याला चोंबडेपणा म्हणत हुते."

त्यानंतर दोघींच्या दुपारी भरल्या. दहा अक्षरं दहा आकड्यांवर बसवायच्या तऱ्हा छत्तीस लाखांवर जातात, हे बाईंनी पाटीवर मांडून दाखवलं. दाक्षायणीचा विश्वासच बसेना. "मग मला एका उन्हाळ्यात कसं उमगलं?"

"कुलपाला किल्ल्या लाखो असल्या, तरी माणसाला सवयी मोजक्याच. कुलूप सवयीनं उघडतं."

मग ज्या सवयीनं उघडतं ती सवय मोडायची कशी, हा धडा. बाईंनी अक्षरांचं गोल चाक काढलं. दर महिन्याला ते एक घर फिरवायचं. काल जे दोन होतं ते आज एक; शून्य मागं सरकलं की नऊ, घड्याळात एकच्या मागं बारा तसं. फक्त लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं चाक एकाच दिवशी फिरलं पाहिजे. दाक्षायणी जात्यावर बसली तरी मनात चाक फिरवायची.

दोन वर्षांनी बाईंची बदली करकंबला झाली. टांग्यात ट्रंक चढवताना बाई म्हणाल्या, "या की एकदा." जाणं काही झालं नाही. त्या खोलीत नागप्पानं गाठोडी रचली.

मग समोरच्या दुकानानं नागप्पाची गिऱ्हाइकं ओढायला सुरुवात केली, दर वेळी रुपयानं खाली उतरून. नागप्पा रात्री जेवेना. दाक्षायणीनं ताट सारत सांगून टाकलं, "नागा, तुजी खूण समद्या गल्लीला वाचता येती."

"तुला कुणी सांगितली?"

"तूच. रोज लिवून देतोस की."

पंधरवडाभर तो हट्टानं जुन्याच खुणेनं चिठ्ठ्या लिहीत राहिला. समोरच्याची गर्दी मात्र वाढत गेली. शेवटी एका सकाळी कोरा कागद तिच्यापुढं टाकून म्हणाला, "मग तूच लावून दे."

तिनं चाक काढून दिलं. महिना पालटला की जुन्या चिठ्ठ्या सोडायच्या, नव्या तिनं लिहायच्या, दुकानात त्यानं वाचायच्या. समोरचा गोंधळला. दर अमावास्येला नागप्पा अंगण ओलांडून यायचा, "अक्का, उद्यापास्नं फिरलं न्हवं?" ती म्हणायची, "फिरलं." एवढंच. पण त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसायची.

सत्याहत्तरला अधिक श्रावण आला. अधिकात जावयाला वाण द्यायचं, म्हणून दुकानात ही गर्दी. माल नवा, भाव अजून तोंडी बसले नव्हते. दाक्षायणीला वाटलं, अधिक काय आणि निज काय, श्रावण तो श्रावणच. अधिकात कुणी नवं काम काढत नाही, चाक तरी का हलवा? निज लागला की हलवू. तिकडं नागप्पानं अमावास्या गेली म्हणून चाक फिरवलं. गर्दीत विचारायला येणं राहून गेलं. पस्तिसाला घेतलेली चादर त्यानं चोविसाची वाचली आणि अठ्ठाविसाला हसत विकली. सोलापूरच्या जावयांची चैन झाली.

कळलं तेव्हा तो अंगणात उभा राहून ओरडला, "आप्पा म्हणत हुते ते खरं! खूण बायकांच्या हातात द्यायची न्हाय!"

"आरं, दोघांचं चाक..." एवढंच ती म्हणाली. पुढचं ऐकायला तो थांबला नाही. चाकाचा कागद चुलीत गेला आणि बापाची जुनी खूण परत आली, अख्ख्या गल्लीला पाठ असलेली.

ती पूर्वीसारखी चिठ्ठ्या कापू लागली, दोरे ओवू लागली. दिवाळीच्या आधी तिला धाप लागू लागली होती, तरी एका सोमवारी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन ती दुकानात गेली. नागप्पानं लेखणी उचलली आणि डावा हात आडवा धरून लिहू लागला, तिला दिसू नये म्हणून. दाक्षायणीनं तोंड रस्त्याकडं फिरवलं. त्याचं लिहून होईपर्यंत ती समोरच्या दुकानातली गर्दी बघत उभी राहिली. मग चिठ्ठ्या उचलल्या, एकेक चादर गुडघ्यावर घेतली आणि सगळ्या बांधून झाल्यावर मागच्या खोलीत आली.