चार हजार तीनशे सतरा रिकाम्या जागा

राज्यातल्या एकुलत्या एका सरकारी दंत महाविद्यालयाच्या तळघरात कवळ्या तयार होत, आणि तिथे एकतीस वर्षे एकच माणूस बसत असे. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचे माप घेऊन खाली पाठवीत. खाली हा माणूस त्या मापात प्लास्टर ओतून जबडा उभा करी, त्यावर मेण चढवी आणि मेणात दात रोवी. कवळी चांगली बसली तर श्रेय वरच्या मजल्यावरच राही. बोचली तर तक्रार मात्र जिना उतरून खाली येई.

सगळे त्यांना मामा म्हणत. महाविद्यालयाने आजवर पुष्कळांना मामा बनवले होते, पण पगार देऊन ठेवलेले हे एकटेच. विद्यार्थी पाठीमागे 'सहासष्टमामा' म्हणत, त्यालाही कारण होते. मेणातली कवळी तोंडात बसवून पाहताना मामा रुग्णाला साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावत. एकसष्टला शिट्टी वाजली तर पुढचे दात चुकले, चौसष्टला खडखडले तर मागचे उंच झाले, सहासष्ट स्वच्छ निघाला, की मामा मान हलवत म्हणत, "झालं. आता घरी जाऊन मनसोक्त भांडा."

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, जबडे राहत. रस्त्यात कुणी ओळखीचे हसले, की ते त्या हसण्यातल्या चौथ्या दातावरून गृहस्थांचे गाव सांगत.

साऱ्या कॉलेजचे मामा असले तरी त्यांची खरी भाची एकच, धाकट्या बहिणीची मुलगी. ती याच कॉलेजातून चार वर्षांपूर्वी दंतवैद्य होऊन बाहेर पडली होती. तिला मिळालेले काम म्हणजे दुसऱ्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात फोन उचलणे. त्या एका रस्त्यावर नऊ दवाखाने होते. तिथल्या रहिवाशांना दात दुखायलाही सवड मिळत नसे. जरा गाल चोळला तरी समोरून कुणीतरी कार्ड पुढे करी.

अशात राज्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक दंत महाविद्यालय काढावे अशी टूम निघाली. सरकारने समिती नेमली. अध्यापकांना एकाएकी जनतेच्या दातांचा कळवळा आला, कारण नव्या कॉलेजात प्राध्यापकांची पदे निघणार होती. भाचीलाही तिथे शिकवण्याची नोकरी मिळण्याजोगी होती. विभागप्रमुखांनी तसा शब्दच दिला होता. त्यांचा शब्द त्यांनी भरलेल्या दातांपेक्षा जरा अधिक टिके, अशी ख्याती होती.

समितीने प्रत्येक विभागाकडे एक प्रश्नावली पाठवली. सहावा प्रश्न होता, 'आपल्या विभागात रिकाम्या जागा किती?' म्हणजे न भरलेली पदे. तळघरासाठी खरे उत्तर 'एक' होते. मामांच्या जोडीला दुसरा कारागीर मंजूर होता आणि अकरा वर्षे तो आला नव्हता. पण तळघरात 'जागा' या शब्दाला एकच अर्थ होता. 'वर तीन जागा, खाली पाच' असे वरून लिहून येई आणि मामा तेवढे दात बसवत. त्यांनी प्रश्न वाचला, फडताळांवरच्या प्लास्टरच्या जबड्यांकडे पाहिले आणि सरकारला प्रथमच काहीतरी शहाणपणाचे विचारावेसे वाटले म्हणून त्यांना समाधान वाटले. तीन दिवस ते एकेक जबडा हातात घेऊन पडलेले दात मोजत राहिले. उत्तर लिहिले : ४,३१७. कार्यालयातल्या कारकुनाने न वाचता शिक्का मारला, कारण वाचून शिक्का मारण्याची पद्धत तिथे नव्हती.

एका तळघरात चार हजारांवर पदे रिकामी आहेत हे वाचून समिती हादरली. मामांना साक्षीला बोलावणे आले.

आदल्या संध्याकाळी बहीण मुलीला घेऊन त्यांच्याकडे आली.

"दादा, उद्या फाटे फोडू नकोस," बहीण म्हणाली. "विचारलं की हो म्हण आणि खाली बस."

"मला जागांचं विचारणार आहेत."

"ते झालं की कॉलेज हवं का नको, तेही विचारतीलच. तुझ्या तोंडाला कुलूप लागायला हवं तेव्हा लागत नाही, म्हणून सांगायला आले."

भाची म्हणाली, "मामा, खोटं बोल असं नाही म्हणत मी. गरज आहे, एवढंच म्हण."

"कुणाला?"

"मला. चार वर्षं मी फोनवर दुसऱ्याचं नाव सांगतेय. हातात हत्यार धरलेलं नाही. विसरेन मी सगळं."

मामांनी चहाचा कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. बहिणीने ते 'हो' धरले. भाचीने धरले नाही.

सकाळी अकरा वाजता मोठ्या व्याख्यानगृहात समिती बसली. अध्यक्ष निवृत्त सचिव होते. त्यांच्या प्रत्येक 'स'बरोबर एक बारीक शिट्टी वाजे आणि इतर सदस्य त्या वेळी नम्रपणे कागद चाळत.

"आपल्या विभागात चार हजार तीनशे सतरा जागा रिकाम्या आहेत?" अध्यक्षांनी विचारले.

"आहेत. अक्कलदाढा धरलेल्या नाहीत."

सभागृहात हशा पिकला. अध्यक्ष संतापले. "समितीची थट्टा समजता का ही?"

"नाही साहेब," मामा गंभीरपणे म्हणाले. "एकदा एकसष्ट म्हणता का?"

काही माणसांना आज्ञा इतक्या साधेपणाने करता येते, की समोरचा ती पाळून मोकळा होतो. अध्यक्ष "एकसष्ट" म्हणाले. शिट्टी थेट मागच्या बाकापर्यंत गेली.

"पुढचे दात किंचित बाहेर आलेत. सभा संपली की खाली या, नीट करून देतो. आमच्याकडची नाही ही कवळी."

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मग आवाज उतरवून त्यांनी विचारले, "तुम्ही एवढे दात मोजलेत. मग सांगा, आणखी एक कॉलेज हवं की नको?"

विभागप्रमुखांनी मामांकडे पाहून डोळा मिचकावला. भाची मागच्या दारापाशी उभी होती.

"प्रत्येक जबड्याच्या तळाशी मी पेन्सिलीने गावाचं नाव लिहितो," मामा म्हणाले. "मोजता मोजता नावंही पाहिली. शंभरातले सत्तर जबडे त्या टोकाच्या गावांतले आहेत. तिकडच्या सरकारी दवाखान्यांत दातांची खुर्ची आहे. कवळी पोचवायला गेलो तेव्हा एका खुर्चीवर मी गोणपाटं ठेवलेली पाहिली. दुसरीवर तिथला शिपाई दुपारी झोपतो, छान मागे कलते म्हणून. डॉक्टर नाही. पदं मंजूर आहेत, भरली नाहीत. जो दात वेळेवर भरला असता तो पडतो, मग माझ्याकडे येतो. कॉलेज नको साहेब. त्या खुर्च्यांवर माणसं बसवा. डॉक्टर आहेत की. फोन उचलताहेत."

मागचे दार वाजले. मामांनी वळून पाहिले नाही. पण खाली बसताना त्यांचा हात खुर्चीच्या पाठीऐवजी हवेत पडला.

बहिणीने त्याच दिवशी कळवले, की तुझे तोंड प्लास्टरने भरायला हवे होते. भाचीने काहीच कळवले नाही. मामांनी दोनदा फोन केला. तिने तो उचलला आणि दवाखान्याचे नाव सांगून वेळ हवी आहे का, असे विचारले.

चार महिन्यांनी अहवाल आला. नवे महाविद्यालय तूर्त लांबणीवर. त्या टोकाच्या अकरा दवाखान्यांतली पदे त्वरित भरावीत. तळघरातली ती एक जागा तेवढी अहवालात यायची राहिली. अध्यक्ष मात्र मध्यंतरी दोनदा जिना उतरून आले आणि दुसऱ्या खेपेला सहासष्टपर्यंत बिनबोभाट पोचले.

पदांची जाहिरात निघाली तेव्हा भाचीने अर्ज केल्याचे मामांना विभागप्रमुखांकडून कळले, तेही टोमण्याच्या रूपाने. तिची नेमणूक झाली, ती गेली. जाताना भेटली नाही.

पुढच्या महिन्यात एसटीच्या पार्सलने एक खोके आले. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली दोन मापे होती, वरच्या आणि खालच्या जबड्याची. कडा स्वच्छ, कुठे बुडबुडा नाही. मामांनी ती खिडकीशी नेऊन बराच वेळ उजेडात फिरवली. खोक्याच्या तळाशी चिठ्ठी होती. तिच्यावर ना 'प्रिय', ना 'नमस्कार'.

'बाई, वय सत्तर. रिकाम्या जागा बत्तीस. खुर्ची मोकळी केली. शिपाई रागावला आहे.'

मामांनी कानावरची पेन्सिल काढली, 'बत्तीस' खोडून वर 'अठ्ठावीस' लिहिले आणि प्लास्टर कालवायला घेतले.