आतूचं दुपटं

आतू घरात आली की आधी बाळाकडे बघायचीच नाही. पोर टाहो फोडत असलं तरी ती सरळ बाळंतिणीपुढे बसायची, तिची हनुवटी धरायची आणि डोळे न्याहाळायची. "निजतेस का गं?" हा तिचा पहिला प्रश्न. बाळंतीण बहुधा तिथेच रडायला लागायची. मग आतू पदर खोचायची आणि दुपटं मागायची.

नात्याने ती कुणाचीच आत्या नव्हती. मुरुडच्या अलीकडे आमची बौद्धवाडी आहे, तिथे लहानथोर सगळेच तिला आतू म्हणत. दिवसभर बागायतदारांकडे सुपाऱ्या सोलायची आणि संध्याकाळी, जिच्या घरी नवं बाळ असेल तिच्याकडे जायची. बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका वेगळ्या होत्या. आतूचं काम एकच, पोराला असं गुंडाळायचं की घर झोपेल. त्याबद्दल ती फक्त चहा घ्यायची, तोही बशीत ओतून, फुर्र आवाज करत.

दुपटं कुठल्या कपड्याचं करायचं याबद्दल तिचा स्वतःचा कायदा होता. घरात जो सगळ्यात गाढ झोपतो त्याचाच जुना कपडा हवा. आमच्या घरात त्या मानाला दुसरा उमेदवारच नव्हता. माझे सासरे विहारात वंदनेला बसल्या बसल्या घोरायचे. आतूने त्यांची दोन जुनी धोतरं मागितली, तेव्हा त्यांना कोण अभिमान वाटला. आपली झोप कुणाच्या तरी कामाला आली, असं ते आल्यागेल्याला सांगत सुटले.

माझी मनू जन्मली ती रडतच, आणि रडतच राहिली. नवरा कंपनीत, त्याच्या शिफ्टचा पत्ता नाही. सासूबाई आधीच गेलेल्या. झोप नसल्यामुळे माझं डोकं असं झालं होतं की एकदा मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि सासरे तो मुकाट्याने प्यायले. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः बागेत गेले आणि आतूला सुपाऱ्यांवरून उठवून भरदुपारीच घेऊन आले.

तिने धोतराचं दुपटं जमिनीवर तिरकं अंथरलं. वरचं टोक दुमडून त्यावर मनूची मान टेकवली. हात अंगाशी घेतले. मग दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून पाय हळूहळू ताणले, अगदी सरळ होईपर्यंत, घोट्याला घोटा लावला आणि घट्ट गुंडाळून टोक पाठीमागे खोचलं. मनूने एक हुंदका दिला आणि डोळे मिटले. "पोटात दाटीत व्हती गं," आतू म्हणाली, "बाहेरचा येवढा मोकळेपणा तिला सोसत न्हाय. दाटी दे, निजंल." आणि पायांबद्दल तिचं ठरलेलं वाक्य होतं, "आत्ता सरळ ठेवले तर जन्मभर सरळ चालंल."

त्या दुपारी मी तिच्या मांडीशीच आडवी झाले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि घरात आवाज नव्हता. मी घाबरून मनूच्या नाकाशी बोट धरलं. आतू भिंतीला टेकून सुईत दोरा ओवत होती. "जिती हाय," ती म्हणाली, "तू निज." त्या क्षणी मी आतूवर केली तितकी माया मला जन्म देणाऱ्या आईवरही केली नसेल. पुढे काही महिने ती रोज येत राहिली आणि आमचं घर झोपत राहिलं.

मनू उशिरा चालायला लागली, आणि चालली ती एका बाजूला कलत. वाडीत हसून म्हणायचे, बदकासारखी चालते बघा. आम्हीही हसायचो. मग शाळेत माझ्याबरोबर शिकलेल्या एका मैत्रिणीने तिला डॉक्टरला दाखवायला लावलं. तालुक्याच्या दवाखान्यातून अलिबाग, अलिबागहून मुंबई. खुब्याचा सांधा निखळलेला होता. डॉक्टर भले होते, त्यांनी चित्र काढून सांगितलं. सांधा जन्मापासूनच सैल असेल. पण पाय ताणून सरळ बांधत राहिलं की असा सांधा जागेवर बसत नाही, सुटतो. बाळाला गुंडाळलं तरी पायांना वर उचलायला, फाकवायला मोकळीक लागते. बांधलं नसतं तर हे टळलं असतं का, ते नक्की सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्या समाधानासाठी उच्चारलं असावं. त्याने माझं समाधान कधीच झालं नाही.

ऑपरेशन झालं. मनूला घरी आणलं ते प्लास्टरमध्ये. छातीपासून घोट्यापर्यंत पांढरा साचा, पाय फाकवलेले, मध्ये आडवी दांडी. आतूला सासऱ्यांनी सगळं सांगितलं होतं. ती आली आणि पहिल्यांदाच तिने माझ्या डोळ्यांकडे न बघता आधी पोरीकडे बघितलं. उंबऱ्यातच उभी राहिली.

"ह्यांनीबी बांधलंच की," ती म्हणाली. मग तिने आडव्या दांडीकडे बघितलं. "पण फाकवून."

मग तिने मला विचारलं, "मंग मी आयुष्यभर काय केलं गं?"

माझा नवरा उठून परसात निघून गेला. मला तिचा राग यायचा आणि त्याच्या पाठोपाठ ती दुपारची झोप आठवायची. दोन्ही खरं होतं. मी तिला बोल लावू शकले नाही आणि तुझा दोष नाही, असंही म्हणू शकले नाही.

त्यानंतर आतूने दुपट्याला हात लावला नाही. उलट घरोघर जाऊन सांगायला लागली की पाय मोकळे सोडा. कुणी ऐकेना. आतू, आमची पोरं तुझ्याच हातची, बघ कशी पळतात, असं म्हणून बायका तिला चहा द्यायच्या. ती उठून गेली की पोराचे पाय पुन्हा सरळ बांधले जायचे. तिनेच शिकवलेलं होतं ते. आयांनी लेकींना, लेकींनी जावांना दिलेलं. एवढ्या घरांतून आपलाच हात कसा काढून घ्यायचा, ते तिला कळेना.

मग ती रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसायला लागली. येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड बघायची नाही, चाल बघायची. वाडीत एक नामा होता, जन्माचा लंगडा म्हणूनच सगळे त्याला ओळखायचे. एक दिवस आतू मला म्हणाली, "नामाला मीच बांधायची. त्याची आय तर मेली. आता कुणाला विचारू?" सुपाऱ्या सोलायलाही ती जाईनाशी झाली.

शेवटी पनवेलचा भाचा तिला न्यायला आला. मी मनूला घेऊन स्टँडवर गेले. मनू आता चालते, पण कलतेच. मोठी झाली की पुन्हा ऑपरेशन लागेल, असं डॉक्टर म्हणतात. बाकावर आमच्या शेजारी एक पोरगेलीशी बाई होती, मांडीवर तान्हं बाळ, रडून रडून लाल झालेलं. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. म्हातारं माणूस दिसलं म्हणून तिने मोठ्या आशेने आतूकडे बघितलं. आतूने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मान फिरवली. बाळ रडत राहिलं.

गाडी लागली. आतू उठली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली, आणि फार दिवसांनी माझी हनुवटी धरली.

"निजतेस का गं?"

"हो," मी म्हणाले.

तिने डोळ्यांत बघितलं. तिथे तिला आजवर कुणीच फसवलं नव्हतं.

"मीबी न्हाय," ती म्हणाली, आणि दांडा धरून गाडीत चढली.