ताईंना मैदान बघायचं होतं

फ्रेमवाल्या ताईंच्या दुकानात लोक लग्नाचे फोटो आणत, पदव्या आणत, एकदा तर एक गृहस्थ आपल्या मेलेल्या कुत्र्याचा फोटो घेऊन आले आणि काउंटरवरच रडले. ताई प्रत्येकाला एकच विचारायच्या, "कुठल्या भिंतीवर लावणार?" भिंत कळल्याशिवाय त्या काचेला हात लावत नसत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या आठवणी चौकटीत बसवल्या, पण त्यांच्या स्वतःच्या घराच्या भिंतीवर एक कॅलेंडर तेवढं होतं.

उंची अशी की दारातून जाताना मान वाकवायची सवयच लागलेली. शाळेत मुली त्यांना 'शिडी' म्हणत. आता त्रेसष्टाव्या वर्षी संधिवातानं गुडघे धरले होते. दुकानात काठीवर भागायचं, पण लांब जायचं तर चाकाची खुर्ची लागे. तिला त्या 'गाडा' म्हणत आणि होता होईतो टाळत. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मायेचं माणूस म्हणजे धाकटा भाऊ. तो बस चालवायचा, त्रेपन्न वर्षांचा होता, डोक्यावर औषधाला केस नव्हता, तरी ताईंच्या लेखी तो अजून 'छोट्या'च होता.

एका रविवारी दुकानात छोट्या आला तोच मुळी हसत.

"ताई, डोळे मीट."

"माझ्या हातात काच आहे. बोल लवकर."

त्यानं दोन तिकिटं टेबलावर ठेवली. मोठ्या शहरातलं इनडोअर स्टेडियम, एका नावाजलेल्या गायिकेचा कार्यक्रम, दुपारी चार वाजता, दोन महिन्यांनी.

"तुला आवडते ना ती? त्या दिवशी गाडीत रेडिओवर लागली होती, तेव्हा आवाज वाढव म्हणालीस."

ताईंनी काच हळूच खाली ठेवली. गायिका त्यांना काडीचीही आवडत नव्हती. नाकात गाते, असं त्यांचं मत होतं. आवाज वाढवायला सांगितला होता तो निवेदक त्या स्टेडियमचं नाव घेत होता म्हणून. पण भावाच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून त्यांनी शब्द गिळले.

"आवडते की," त्या म्हणाल्या. "खूप आवडते."

सोळाव्या वर्षी ताई शाळेच्या बास्केटबॉल संघात होत्या. लहान गावातली शाळा, मागच्या अंगणात एकच बास्केट, तीही गंजलेली. त्या वर्षी काय वारं संचारलं कोण जाणे, पोरी एकामागून एक सामने जिंकत गेल्या आणि अंतिम सामना पडला तो मोठ्या शहरात, नव्यानंच बांधलेल्या त्या स्टेडियममध्ये. खेळाच्या सरांनी एकदा जाऊन मैदान बघून ठेवलं होतं. लाकडाची जमीन, आरशासारखी, असं ते सांगत आणि पोरी तोंड उघडं टाकून ऐकत. कुणीच कधी लाकडावर खेळलं नव्हतं. ताईंनी तर रात्रंदिवस एकच ध्यास घेतला होता, लाकडावर चेंडू आपटला की आवाज कसा येत असेल.

सामन्याच्या आदल्या दिवशी आईला दवाखान्यात न्यावं लागलं. वडील कामासाठी परगावी होते. छोट्या सहा वर्षांचा, तापानं फणफणलेला. सकाळी सर दारात आले. बाहेर बस उभी होती, खिडक्यांतून पोरी हात हलवत होत्या. ताईंच्या कमरेला छोट्यानं मिठी मारली होती, ती काही केल्या सुटेना.

"मी नाही येत, सर," ताई म्हणाल्या.

सर दोन क्षण उभे राहिले, मग मान हलवून गेले. संघ तीन गुणांनी हरला. ताईंना कुणी चकार शब्दानं बोललं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. आई आठवड्यानं बरी होऊन घरी आली, ताप उतरला, पुढच्या वर्षी शाळा संपली. ताई पुन्हा कधी खेळल्या नाहीत. झाल्या गोष्टीचा त्यांनी कुणाजवळ उच्चारही केला नाही, यजमानांजवळसुद्धा नाही. मात्र त्या शहराचं नाव निघालं की त्या कान टवकारत.

आता तिकिटं आली आणि ताई हात धुऊन तयारीच्या मागे लागल्या. छोट्यानं स्टेडियमचा नकाशा छापून आणून दिला होता. कुठलं दार, कुठली लिफ्ट, चाकाच्या खुर्चीवाल्यांना कुठून सोडतात, प्रसाधनगृह कुठे, सगळं त्यावर होतं. आत न्यायच्या पिशवीला ठरावीक माप होतं. ताईंनी घरातल्या पिशव्या दुकानातल्या पोलादी पट्टीनं मोजल्या आणि अर्धा इंच जास्त भरली म्हणून आवडती पिशवी बाद केली.

"अर्ध्या इंचासाठी कोण अडवतंय?" छोट्या म्हणाला.

"अर्ध्या इंचानं फ्रेम बसत नाही, माहितेय?"

नकाशात एक गोष्ट मात्र नव्हती. शेवटी ताईंनी स्टेडियमच्या चौकशी खिडकीला फोन लावला.

"खाली जमीन लाकडाचीच आहे ना अजून?"

"बाई, तुमचा सीट नंबर काय?" पलीकडून एक मुलगी म्हणाली.

"सीटचं राहू दे. जमिनीचं सांग."

मुलगी बुचकळ्यात पडली. कुणाला तरी विचारून आली. "हो, लाकडाचीच. मॅचेस होतात ना इथे."

त्या दिवशी ताईंनी तीन फ्रेमा चुकीच्या मापाच्या कापल्या.

ठरल्या दिवशी दोघं भल्या सकाळी निघाले. छोट्यानं गाडी अशी जपून चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून बेजार झाले. ताई गाड्यात बसायला कुरकुरल्या नाहीत, याचंच त्याला नवल वाटलं. सातव्या दारातून आत, लिफ्टनं वर, मग एक लांब उतार, आणि एका वळणावर एकदम सगळं स्टेडियम समोर उघडलं. हजारो खुर्च्या, छताला टांगलेले दिवे, माणसांचा गुणगुणाट.

ताई पुढे वाकून खाली बघू लागल्या. खाली काळ्या फळ्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर खुर्च्यांच्या रांगाच रांगा. एका टोकाला रंगमंच. लाकूड कुठे दिसेना. रेषा नाहीत, वर्तुळ नाही, बास्केटसुद्धा नाही.

"मस्त जागा मिळाली ना?" छोट्या म्हणाला.

"हो," ताई म्हणाल्या, आणि पुढचा तासभर गायिका काय गायली ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांना स्वतःचाच राग येत होता. इतकी वर्षं मनात जपलं, दोन महिने मापं घेतली, आणि कार्यक्रमाला आपण गाणं ऐकायला येतो, मैदान बघायला नाही, एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये!

मध्यंतर झालं. खुर्चीवाल्यांच्या मदतीला पिवळ्या जाकिटातली एक बाई उभी होती. ताईंनी तिला हाक मारली.

"अहो, इथली लाकडी जमीन कुठे गेली?"

"कार्यक्रम असला की उचलतात, मावशी. तुकडे सुटे होतात. खाली मागच्या बोळात ठेवतात."

"बघता येईल?"

"तिकडे नाही सोडत कुणाला." बाईनं ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जरा थांबली. "तसं एका लिफ्टचं दार त्याच बोळात उघडतं म्हणा. चला, दोन मिनिटं."

बोळ लांबच्या लांब आणि गार होता. भिंतीला लागून चाकांच्या गाड्यांवर लाकडी तुकडे थप्प्या करून ठेवले होते, प्रत्येक दाराच्या फळीएवढा. कुठे पांढऱ्या रेषेचा तुकडा, कुठे लाल रंगाचं टोक. ताईंनी खुर्चीचा ब्रेक लावला, काठी मागितली आणि उठल्या.

"ताई, हळू!"

त्या थप्पीजवळ गेल्या. एका तुकड्यावर वर्तुळाचा एक बाकदार भाग रंगवलेला होता. त्यांनी तळहात त्यावर ठेवला, मग बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केलं आणि कान देऊन ऐकलं.

"ही पहिली नाही हं, मावशी," जाकीटवाली बाई म्हणाली. "ही तिसरी. पहिली कधीच काढून टाकली."

"असू दे," ताई म्हणाल्या. हात मात्र त्यांनी काढला नाही.

वरून टाळ्यांचा कडकडाट आला. छोट्याचा जीव वरखाली होऊ लागला. "ताई, तुझी गायिका सुरू झाली गं!"

"माझी कुठली आलीय? मला मुळीच आवडत नाही ती."

आणि मग त्या बोळात उभ्याउभ्याच त्यांनी त्याला सगळं सांगितलं. सर, बस, खिडकीतल्या पोरी, तीन गुण. त्याच्या मिठीचा भाग गाळायचा असं त्यांनी ठरवलं होतं, पण बोलता बोलता तोही निघून गेला. जाकीटवाली बाई दहा पावलं लांब जाऊन उगाच फोनमध्ये बघत राहिली.

छोट्यानं त्या तुकड्यावरच्या बाकदार रेषेवरून बोट फिरवलं.

"मला आठवतंय गं," तो म्हणाला. "मी अंथरुणात होतो आणि तू अंगणात चेंडू आपटत होतीस. दिवसभर. मला वाटलं, माझी करमणूक करतेयस."

"तीच करत होते."

"खोटं बोलू नकोस."

उरलेलं गाणं ऐकायला दोघंही वर गेले नाहीत. परतीच्या वाटेवर छोट्यानं रेडिओ लावला नाही, आणि मध्येच गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं नुसता बाहेर उभा राहिला.

पुढच्या वर्षी त्याच स्टेडियममध्ये शाळांच्या मुलींचा बास्केटबॉलचा अंतिम सामना होता. तिकिटं काढायला तो स्वतः गेला आणि मैदानाच्या अगदी कडेची जागा घेऊन आला. ताई नवा कोट घालून बसल्या होत्या. समोर लाकूड लखलखत होतं. मुली धावत आल्या, कुणीतरी चेंडू टाकला, तो आपटला, आणि ताई कान देऊन पुढे वाकल्या. आवाज त्यांनी मनात धरला होता त्याहून खोल होता, पोकळ आणि ऊबदार.

"कसं वाटतंय?" छोट्यानं विचारलं.

ताईंचे डोळे नऊ नंबरच्या उंच मुलीवर खिळले होते. ती डावीकडून आत घुसत होती आणि तिची मैत्रीण पास द्यायला उशीर करत होती.

"दे ना, दे ना तिला," ताई पुटपुटल्या, आणि मग त्याच्याकडे न बघताच म्हणाल्या, "आता बोलू नकोस. मला बघू दे."