अस्वलानं न फोडलेलं डोकं

आमच्या गावात कोणालाही विचारा, केवळराम काकाचं डोकं कोणी फोडलं? उत्तर एकच मिळेल, अस्वलानं. नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली, पहाटे, मादी अस्वल, सोबत पिल्लं. यादोराव आजोबा तर खाटेवरून उठून दाखवतात, "असा पंजा आला, असा! अन् केवळरामनं असा तिचा कान पिरगाळला!" सालेकश्याच्या बाजारात एका कांदेवाल्यानं ही गोष्ट मलाच सांगितली, आणि त्याच्या गोष्टीत काकानं अस्वलाला उचलून नाल्यात फेकलं होतं.

खोटं! सगळंच्या सगळं खोटं! नाला खरा, मोह खरे, डोकंही खरंच फुटलं. पण अस्वल नव्हतं. साबण होती. गुलाबी रंगाची, गुलाबाच्या वासाची, आणि मजा अशी की ती काकाची नव्हतीच.

केवळराम काका म्हणजे आमच्या गावचे चक्कीवाले. आमचं न् त्यांचं कुंपण एकच. मिशी फुटायच्या आधीपासून चक्कीजवळ उभे असल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. "कानात सांगतो," म्हणाले की गल्लीतली कुत्री उठून बसतात. "एऽऽ पोट्टे! डबा कोनाचा वो? गहू का तांदूर? बारीक का जाडा?" हा आवाज मला असा जमतो, की एकदा मी चक्कीमागून ओरडले तर दोन बायका दळण उचलून आत आल्या. काका आतून म्हणतात, "मी तं बोललोच नाई!"

दुसरी गंमत अशी, की काका जंगलात कधी पडले नाहीत, रस्त्यावर कधी पडले नाहीत. पडतात ते घरात. दिवाळीची लाइटिंग लावताना स्टुलावरून पडले. त्या स्टुलाचा एक पाय त्यांनी स्वतःच कापून "बरोबर" केला होता. कुकर उघडत नाही म्हणून त्याच्यावर हातोडी मारली, मनगट भाजलं. स्वतःच ठोकलेला खिळा स्वतःच्याच टाचेत घुसवून घेतला. आणि प्रत्येक वेळी दवाखान्यातून घरी आल्यावर गोष्ट वाढत जाते. स्टुलाची शिडी होते, शिडीचा मोबाइल टॉवर होतो. "वरून खाली पाहिलं तं मानसं मुंग्यांवानी!" काकी मागून म्हणते, "हव, मुंग्याच होत्या. स्टुलाखाली साखर सांडली होती."

तर त्या दिवशीची गोष्ट. मोहाचे दिवस होते. हे दिवस थोडे असतात, आणि रात्रभर टपटपलेली फुलं सकाळी वेचली नाहीत तर गुरं खातात, डुकरं खातात, नाहीतर उन्हात करपतात. म्हणून रुख्मा काकी पहाटेच टोपली घेऊन बायकांसोबत नाल्यापलीकडे गेली होती. काकांचा मुलगा रोशन आंगणात दात घासत होता, सून दामिनी वहिनी चहा ठेवत होती, आणि काका परसातल्या न्हाणीत. मी कुंपणाच्या अलीकडे कोंबड्या सोडत होते.

तेवढ्यात आवाज आला. आधी "सुंईऽऽ", मग "धप्प", मग थोडी शांतता, आणि मग आख्ख्या तालुक्याला ऐकू जाईल असं, "मेलोऽऽ!"

मी कुंपणावरून उडीच मारली. काका चड्डीवर बसलेले, कानापर्यंत फेस, टाकीच्या काठावर आपटून डोक्याला चीर गेलेली, रक्त फेसातून वाहत गुलाबी होऊन राहिलं होतं. आणि माणूस काय करत होता? एका पायानं साबण बादलीमागं ढकलत होता!

"पोट्टे," काका म्हणाले. हा त्यांचा कानात सांगायचा आवाज. "साबनीचं नाव काढलं तं पाहून ठेव!"

मला लगेच कळलं. गेला महिनाभर वहिनी विचारत होती, "माझी साबण एवढी लवकर कायले झिजते?" सासऱ्यानं सुनेची साबण चोरून लावायची आणि तिच्यावरच पाय घसरून पडायचं! आता बोला!

वहिनीनं धुतलेला टॉवेल घडी करून माझ्या हातात दिला. "दाबून धर. सोडू नको." रोशन दादानं गाडी काढली, मध्ये काका, मागं मी टॉवेल दाबून. दादाच्या तोंडात मंजनाचा फेस तसाच. नाल्याच्या वळणावर बायका भेटल्या, भरलेल्या टोपल्या डोक्यावर. काकी अजून मागंच होती.

"काऊन गा रोशन? काय झालं गा तुह्या बापाले?"

दादाला म्हणायचं होतं, आईला सांगा. पण तोंडात फेस! त्यानं डोळे मोठे केले, "मंऽऽ मंऽऽ!" केलं, आणि हात लांब करून जंगलाकडं दाखवलं. गाडी पुढं गेली. मी मागं वळून पाहिलं. एका बाईच्या डोक्यावरची टोपली खाली आली होती.

बस. अस्वल तिथंच जन्मलं.

तालुक्याच्या दवाखान्यात कॅज्युअल्टीच्या बाकावर गर्दी होती, आणि मी तर खूशच झाले. एवढे आवाज एका जागी! एक माणूस विळ्यानं बोट कापून, वरून हळद आणि त्यावर तंबाखू भरून आला होता. एका लेकराच्या नाकात चणा होता आणि त्याची आजी त्याला म्हणत होती, "शिंक! शिंक ना रे बाबू!" एका मुलीच्या हातावर गरम दूध सांडलं होतं, घरच्यांनी त्यावर टूथपेस्ट थापली होती, आणि अल्का सिस्टर ती हळूहळू पाण्यानं धूत ओरडत होत्या, "हात भाजला का दात? नुसतं पाणी सोडायचं नळाचं! पाणी! वीस मिनिटं! पेस्ट नाही, शाई नाही, काही नाही!"

डॉक्टर तरुण होते. "काका, कसं लागलं?"

"पडलो जी."

"कुठून?"

"जमिनीवरून."

"जमिनीवरून कोणी पडते का, काका?"

सिस्टर काकांच्या कानामागं पुसत होत्या. थांबल्या. बोट नाकाजवळ नेलं. "सर, हा फेस आहे. गुलाबाचा वास येऊन राहिला."

बाक हसला. बोट कापलेला माणूसही हसला. काकांचा चेहरा असा झाला, जसा चक्कीचा पट्टा तुटल्यावर होतो. सिस्टर म्हणाल्या, "हसू नका रे. वाघ-अस्वलाचे कधीतरी येतात. आमचा बाक तर साबण, शिडी, स्टूल आणि गाडीचा स्टँड यांनीच भरते. आज सकाळपासून न्हाणीतले हे तिसरे." टाके पडले, धनुर्वाताची सुई टोचली, तेव्हा काकांनी मारलेली हाक बाहेरच्या पानठेल्यापर्यंत गेली. निघताना डॉक्टरांनी दादाला बजावलं, "उलट्या झाल्या, सारखी झोप यायला लागली, नाहीतर काहीबाही बडबडायला लागले, तर लगेच परत आणा."

गावात पोचलो तर चक्कीसमोर जत्रा. काकी रडून रडून सुजलेली. "कोनत्या मोहाखाली धरलं वो तिनं?"

"कोनी?" काका म्हणाले.

"अस्वलानं!"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. मग दारात उभ्या दामिनी वहिनीकडं पाहिलं. मग डोक्याच्या पट्टीवरून सावकाश हात फिरवला आणि म्हणाले, "हूं."

एवढंच! एक "हूं"! 'हो' नाही की 'नाही' नाही. पण त्या "हूं"वर लोकांनी अस्वल मोठं केलं, त्याला पिल्लं दिली. कोणी काकांना अंडी आणून दिली, कोणी गूळ. यादोराव आजोबा आले, पट्टीकडं पाहून म्हणाले, "आमच्या वेळेस असे मर्द रायत होते." काका खाटेवर लोडाला टेकून बसलेले, जसा नवरदेव.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर गल्ली चूप. टोपल्या वाजत नव्हत्या. एकही बाई नाल्यापलीकडं गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जंगलातून वारा आला की मोहाचा गोड वास यायचा, आणि सगळ्या बायका ओट्यावर बसून तो नुसता हुंगायच्या.

सगळ्यात वाईट शामकला मावशीचं. ती एकटी. नवरा नाही, शेत नाही. नाल्यापलीकडचे मोह हेच तिचं शेत. ती चक्कीवर आली, डबा न घेताच आली. "केवळराम भाऊ, तुमी वाचले, लय झालं. पन ते अस्वल जाईन कधी? माह्या झाडाखाली फुलांचा थर झाला असन. डुकरं खाऊन राहिले असन." पदरानं तोंड पुसत ती गेली. काकांनी चक्की सुरू केली, पण तिच्या तोंडात धान्य टाकायचंच विसरले. चक्की रिकामीच फिरत होती.

मी जवळ गेले. "काका, सांगून टाका ना."

"काय सांगू? सुनेची साबन चोरून लावतो म्हनू? साऱ्या गावासमोर? दामिनी काय म्हनन?"

"मग मावशीचं काय?"

काका चक्कीचा पट्टा तपासायला लागले. मला चेव चढला. "तुमच्यानं होत नाही! लावा पैज! उद्या वनरक्षक येऊन राहिले. त्यांच्यासमोर तुम्ही पुन्हा 'हूं'च म्हणाल."

काका गर्रकन वळले. "अन् मी बोललो तं?"

"तुम्ही म्हणाल ते."

"मोहाचा हंगाम संपतवर माहा आवाज काढाचा नाई! कोनासमोरच नाई!"

"मंजूर!" मी म्हणाले. मला वाटलं, ही पैज हरणं शक्यच नाही. स्टुलाचा टॉवर करणारा माणूस अस्वलाची साबण करेल?

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वनरक्षक साहेब आले. चक्कीसमोर गाव जमलं. साहेबांनी चांगल्या मनानं विचारलं, "पंजा कुठं मारला? पावलं कुठं उमटली? मला जागा पाहू द्या. तोवर तिकडं कोणी जाऊ नका." मागं शामकला मावशी रिकामी टोपली कमरेला लावून उभी होती. काकांनी तिच्याकडं पाहिलं. चक्कीचं बटण बंद केलं. चक्की घरघरत थांबली, आणि त्या शांततेत काका ओरडले,

"अस्वल नोहोतं! साबन होती!"

मग यादोराव आजोबांनी हळूच काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "रोशन, डाक्टरनं का म्हनलं होतं? काहीबाही बडबडले तं लगेच आना म्हनलं होतं ना? काढ गाडी!"

"अजी मी शुद्धीवर आहो!"

"हव, हव. सारेच असं म्हनतेत. धरा रे याले!"

दोघांनी काकांना बगलेत धरलं. काका पाय झाडत ओरडताहेत, "साबन! गुलाबाची! न्हानीत!" आणि जितकं ओरडताहेत तितके लोक घाबरताहेत. काकी रडायला लागली. मला हसू असं आलं, की बोलताच येईना.

तेव्हा दामिनी वहिनी बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात बशी. बशीत साबण. साबणीवर टाचेचा असा खोल ठसा, की रेषासुद्धा मोजता याव्यात.

"साहेब," वहिनी म्हणाली, "हे घ्या पाऊल."

साहेबांनी बशी घेतली. उन्हाकडं धरून पाहिलं. मग खाली बसले, काकांची चप्पल काढायला लावली, आणि टाचेला साबण लावून पाहिली. चपखल! खिळ्याची जुनी खूणसुद्धा तिथंच. साहेब उठले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "प्राणी याच गावातला आहे."

जो काय हशा झाला! शामकला मावशी तर टोपलीतच तोंड घालून हसली. काका मान खाली घालून उभे. "दामिनी, बेटा, मी..."

"मामाजी, मले पयल्याच हप्त्यात कळलं होतं," वहिनी म्हणाली. "साऱ्या पिठाले गुलाबाचा वास येऊन राहिला होता. बाजारातून दुसरी आनली, कोनाड्यात ठेवली. ते तुमच्यासाठीच होती. तुमी माहीच लावत रायले."

साहेबांनी बायकांना सांगितलं, जा, पण एकटीदुकटी जाऊ नका, बोलत-बोलत जा, अस्वलं खरी असतातच. तर रुख्मा काकी म्हणाली, "यायलेच नेतो ना जी. याच्या आवाजानं वाघबी छत्तीसगडात जाईन!" आणि खरंच नेलं. पट्टी बांधलेले काका पुढं, मागं टोपल्यांची रांग, रांगेत पहिली शामकला मावशी. काका झाडाझाडाखाली उभे राहून ओरडत होते, "वेचा वो वेचा! मी आहो!" अस्वल मात्र गावानं सोडलं नाही; बाहेरच्यांना सांगायला साबणीपेक्षा अस्वलच बरं.

आणि मी? मी पैज हरले, त्या दिवसापासून काकांचा आवाज काढलेला नाही. काल दळण घेऊन गेले तर चक्कीवर गर्दी होती. मला पाहताच काकांनी कमरेवर हात ठेवले आणि बारीक चिरक्या आवाजात म्हणाले, "काका, तुमच्यानं होत नाही! लावा पैज!" हा माझा आवाज म्हणे! काहीच्या काही! मी अशी बोलते का? पण बायका हसून हसून पिठात बसल्या. एक उत्तर माझ्या अगदी ओठावर आलं होतं, त्यांच्याच आवाजातलं. मी दात दाबून डबा उचलला आणि काही न बोलता घरी आले. मोह अजून टपटपून राहिलेच आहेत.