चांदीची ताटं आणि वल्ही

माल्टा बेटावर अडीचशेहून जास्त वर्षं राज्य केलेल्या त्या ख्रिस्ती सरदारांची नुसती आठवण झाली तरी माझं डोकं फिरतं. त्यातला किती राग त्यांच्यावर आणि किती माझ्यावर, हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

कोरोनाच्या साथीचं पहिलं वर्ष. नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आमच्या घरात लेकीचं स्प्रेकबर्ट आलं. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला आवडीचा विषय घेऊन वर्गासमोर बोलावं लागतं. तेव्हा वर्ग म्हणजे लॅपटॉपचा पडदा. आदल्या उन्हाळ्यात आम्ही माल्टाला गेलो होतो, म्हणून तिने हे सरदार निवडले. त्यांचं इस्पितळ तिला फार आवडलं होतं. थोरामोठ्या घराण्यांतले लोक तिथे पाळीपाळीने स्वतः रुग्णांना जेवण वाढायचे, तेही चांदीच्या ताटांतून. साथीच्या दिवसांत याहून बरा विषय कुठला?

पण पोरीने पुढचंही वाचलं. ह्याच सरदारांची जहाजं समुद्रात माणसं धरायची, बहुतेक मुसलमान. त्यांना बेटावर आणून विकायचं, नाहीतर साखळीला बांधून वल्ही मारायला बसवायचं. इस्पितळात रुग्णाला मालक म्हणायचं आणि बंदरावर माणसाचा भाव करायचा. देवाची शपथ घेतलेली माणसं ही. आणि आमच्या गाईडने तिथे ताटांचं कौतुक करण्यात सगळा वेळ घालवला, वल्ह्यांबद्दल अवाक्षर नाही. लेकीने वाचून दाखवलं तेव्हा मी त्या गाईडला मनसोक्त शिव्या घातल्या.

आणि मग म्हटलं, "हा भाग काढून टाक."

"का?" तिने इंग्रजीत विचारलं. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत नाहीतर डचमध्ये उत्तर देते.

"गुलामगिरीचा विषय निघाला की इथे लोकांना टोचतं, ह्यांच्याही पूर्वजांनी माणसं विकलीत. आपण बाहेरचे. उगाच कशाला?"

"तू असशील बाहेरचा, बाबा. माझा जन्म इथला."

"बरं, मी बाहेरचा. पण ताटांवर संपव. गोड वाटतं."

तिने सरदारांच्या वल्ह्यांच्या जहाजांचं एक चित्र तेवढं दाखवलं आणि ताटांवर संपवलं. पडद्यावरच्या एका मुलाने हात वर केला. "मग ती जहाजं कोण वल्हवायचं?"

तिने लॅपटॉपच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, चांदीची ताटं, किती सुंदर.

शाळा उघडल्यावर तिने बाईंकडे थोडा वेळ मागून घेतला आणि उरलेलं वर्गाला सांगितलं. मला पत्ता नव्हता. एका दुपारी मी तिला आणायला गेलो, तर फाटकाशी बाईंनी दीड मीटरवरून मला थांबवलं.

"तुम्ही ते काढायला लावलंत असं ती म्हणते. आम्हाला वाईट वाटेल म्हणून. खरं का?"

त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. लेक शेजारीच सायकलचं कुलूप काढत होती. तिचे हात थांबले.

"छे, छे," मी म्हणालो, "वेळ कमी होता, एवढंच."

ती सायकलवर बसली आणि माझ्यासाठी न थांबता निघून गेली. एरवी आम्ही शेजारी शेजारी सायकल चालवत घरी यायचो.

वेळ कमी नव्हता. घरी घड्याळ लावून सगळं म्हणून घेतलं होतं तिने, साखळ्यांसकट. घड्याळ मीच धरलं होतं.