रणपिसे मॅडम आणि माझे पाच फाऊल

फोन आला तेव्हा माझ्या डोळ्यांवर वेल्डिंगची काच होती. पलीकडून पुष्पा. मॅडमची जुनी खेळाडू, आता रांजणगावला कंपनीत असते. पहिल्या शिफ्टच्या बसमधून बोलत होती. "मामा, मॅडम गेल्या. झोपंतच." मी म्हणालो, "पुष्पे, थापा मारायचं काम माझं हाय, तुझं न्हाई." बसची घरघर तेवढी ऐकू येत राहिली... जन्मभर लोकांना थापा मारल्या, पण कुणीतरी आपल्याला थाप मारलेली असावी असं त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.

कुसुम रणपिसे. शिरूरच्या आमच्या कॉलेजात खेळाच्या शिक्षिका, मुलींच्या बास्केटबॉल संघाच्या कोच. मूळच्या दौंडच्या. वडील रेल्वेत पॉइंट्समन, त्यामुळे बालपण क्वार्टर्समध्ये आणि बॉलशी ओळख रेल्वेच्या मैदानावर. मी बबन. बायपासला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे आणि तालुक्यात माझं नाव दोन गोष्टींसाठी आहे, ग्रिल आणि थापा. लोक माझ्या बोलण्याला चारानं भागतात. मॅडम भागत नसत, मोजत. बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूचे पाच फाऊल झाले की तो मैदानाबाहेर. मॅडम दुकानात चहाला टेकल्या की माझ्या प्रत्येक थापेला त्यांचं एक बोट वर जायचं. पंजा पुरा उघडला की मी गप्प बसायचं. आणि आणखी एक नियम, पोरींना होता तोच मला: "फाऊल झाला की पंचाच्या तोंडाकडं बघायचं नाही, बबनराव. आपला हात आपण वर करायचा."

सुरुवातीला कॉलेजच्या मैदानावर रिंग एकच होती, विहिरीच्या बाजूला. वर्षभर पोरी तिच्यावरच खेळल्या. मग पहिली मॅच लागली ती नेमकी दौंडला, रेल्वेच्या मैदानावर. मध्यंतरानंतर बाजू बदलायची असते हे मॅडमनी सांगितलं होतं, पोरींनी माना डोलावल्या होत्या. पण पाय ऐकतात होय? शिट्टी वाजली, बॉल हाती आला, आणि आमच्या पोरी सवयीनं पुन्हा त्याच टोकाला धावल्या. आपल्याच रिंगवर बास्केटमागून बास्केट! दौंडच्या पोरी आधी गोंधळल्या, मग थांबल्या, मग कडेला बसून त्यांनी चहा मागवला, वर भजी मागवली, एकीनं तर तेवढ्यात स्वेटरची बाही विणून काढली. (हा पहिला, मॅडम. स्वेटर नव्हता. भजीही नव्हती.) ज्या मैदानावर मॅडम लहानाच्या मोठ्या झाल्या तिथं अख्ख्या क्वार्टर्स पोट धरून हसत होत्या. परतीच्या एसटीत पोरी हुंदके देत बसलेल्या. मॅडम म्हणाल्या, "रडताय कशाला? नेम तर एकीचाही चुकला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दुकानात. "बबनराव, दुसरा खांब. दुसरी रिंग." मी जोशात आठ दिवसांत दोन्ही उभं केलं आणि जोशात घोळही केला. रिंगचं माप अठरा इंच असतं, ते आतून घ्यायचं. मी घेतलं बाहेरून. सळईची जाडी आत गेली आणि रिंग भरली सतरा इंच. मॅडमनी टेप लावला, माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "उद्या बदलून देतो." त्यांनी टेप गुंडाळला. मग म्हणाल्या, "राहू द्या. आमच्या पोरींना पुऱ्या मापाचं कुठं काय मिळतंय? हिच्यात बॉल गेला तर जगातल्या कुठल्याही रिंगेत जाईल."

गेला! पुण्याचे संघ भारी बुटांत यायचे, आमच्या पोरी एसटीतून, डब्यात भाकरी आणि ठेचा घेऊन. किती करंडक आणले मला विचारू नका, माझ्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार? एवढंच सांगतो, करंडकांचं कपाट मी तीनदा बनवलं, दर वेळी आधीच्यापेक्षा मोठं. एकदा एका कोचनं आमच्या बॉलमध्ये लोहचुंबक आहे का म्हणून तो मधोमध चिरून बघितला. (दोन. नुसता हातात फिरवून बघितला. पण नजर चिरायचीच होती.)

पुष्पा मांडवगण फराट्याची. मॅडम तिला संघात मागायला घरी गेल्या, सोबत मी. तिचे वडील, आबा, अंगणात ठाम बसलेले. "पोरगी अर्ध्या चड्डीत चारचौघांत पळनार न्हाई. आमच्या घराण्यात चालत न्हाई." मॅडम म्हणाल्या, "आबा, उसाला पाणी धरताना हिनं सलवार गुडघ्यावर खोचली, तवा घराणं कुठं गेलं व्हतं?" गोठ्यातली म्हैस रवंथ करायची थांबली. (तीन.) ओट्यावरून कुणीतरी पुटपुटलं, "आडनाव बघा आन् शहाणपण बघा." मॅडमना ऐकू गेलं. वळून म्हणाल्या, "माझं आडनाव स्कोअरशीटवर लिहितात. मॅचला या, वाचून घ्या." आबांनी तंबाखू मळली, चिमूट ओठात धरली आणि विचारलं, "सांजच्याला सोडायला कोन येनार?" "मी." आणि खरंच, कॉलेजची सगळी वर्षं मॅडम तिला स्वतःच्या स्कूटरवरून सोडत राहिल्या. त्या स्कूटरवर एका वेळी सहा पोरी बसायच्या... (चार. तीनच बसायच्या. शपथ.)

आता पाचव्याकडं येतो. त्याच्यासाठीच हा कागद काळा केला.

शोकसभेत संस्थेचे सचिव म्हणाले, "मॅडमच्या जाण्यानं भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे." पंधरा दिवस झाले नाहीत तोवर ते ती पोकळी मोटारसायकलींनी भरायला निघाले. मला बोलावणं आलं. "बबन, गॅस कटर आन. दोन्ही खांब काप. कोच न्हाई, संघ न्हाई, मग खांब कशाला? पार्किंग करू." मी म्हणालो, "कापतो की साहेब. पण खाली बारा फूट काँक्रीट हाय. ते उकरलं आन् मागच्या नव्या इमारतीला तडा गेला, तर माझ्या नावानं वरडू नका." त्या इमारतीच्या कोनशिलेवर साहेबांचंच नाव आहे. चेहरा असा उतरला! "ऱ्हाऊ दे सध्या," म्हणाले.

मी छाती फुगवून मैदानावर गेलो. पुष्पा पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या बसनं येते आणि साडेपाचला वीस पोरींचा सराव घेते. पगार नाही, ऑर्डर नाही. गळ्यात मॅडमची शिट्टी आहे, तेवढीच नेमणूक. मला वाटलं, किस्सा ऐकून खूश होईल. ती हसली नाही.

"मामा, खरं किती हाय?"

"तीन फूट."

"मग हात वर करा."

"अगं येडे, खांब जातील!"

"यिऊ द्या त्यास्नी कापाय. आमी हाय न्हवं हितं? मॅडमच्या मैदानावर थापेच्या टेकूनं न्हाई खेळायचं."

मी तिथून चिडून निघालो. दोन दिवस कटरकडं बघत बसलो... आणि पेन उचललं.

तर सचिवसाहेब, पेपरची ही पुरवणी तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे. खांब तीन फूट खाली आहेत. माझा हात वर आहे. कटर तुमचा तुम्ही आणा, माझा मिळणार नाही. कोच नाही म्हणालात, तिचं नाव वर लिहिलंय. संघ नाही म्हणालात, तर साडेपाचला या आणि मोजून घ्या. सतरा इंची रिंगखाली वीस पोरी उभ्या असतील. त्यांना बाजूला करा आणि खुशाल कापा. अडवणाऱ्यांना चुकवून पुढं कसं जायचं, हेच मॅडमनी त्यांना शिकवलंय.

काल हा लेख पुष्पाला दाखवायला घेऊन गेलो. तिनं रेषेवर उभ्यानं शेवटपर्यंत वाचला. मग शिट्टी फुंकली, पाचही बोटं वर केली आणि मला बाहेरचा रस्ता दाखवला. मी निमूट निघालो. फाटकापाशी पाठीमागून आवाज आला. बॉल रिंगला कुठंही न लागता आत गेला की येतो ना, तोच... नुसत्या जाळीचा.

पाच झाले, मॅडम. मी बाहेर. पोरी आत आहेत.