जिल्ह्याचं वजन घेताना

कुठल्या जिल्ह्यात लठ्ठ माणसं जास्त, असली बातमी पेपरात आली की टपरीवर मित्र माझ्याकडं बघतात. "काय रे, हे खरं असतं का?" सोलापूर जिल्ह्यात आरोग्य पाहणीसाठी दारोदार वजनकाटा घेऊन फिरण्यात माझी दोन वर्षं गेली, म्हणून हा प्रश्न मला. मी हो-नाही काहीच म्हणत नाही, किस्से सांगतो. माळावरून चालून आलं की कपड्याला कुसळं चिकटतात ना, तसे ते मला चिकटलेत.

आमची टीम दोघांची. सविताताई वजन, उंची, कंबर मोजायच्या, मी टॅबमध्ये आकडे भरायचो. काम कंत्राटी. मागाहून तपासणीची टीम यायची आणि आमच्यातल्या काही घरांत पुन्हा मोजायची. आकडे जुळले नाहीत तर मोजणाऱ्याचं नाव यादीतून कट. सविताताईंचा नवरा कामाला होता तो कारखाना बंद पडलेला, दोन मुली शाळेत. त्यामुळे तपासणीचा फोन आला की त्या दिवशी त्यांचा डबा तसाच परत जायचा.

*

सुरुवातीला काटा आलाच नव्हता. वजन नुसतं विचारून लिहायचं. शहरात कापडाचं दुकान असलेले एक अण्णा होते. खुर्चीत मावत नव्हते, पण वजन सांगितलं बासष्ट. मी निमूटपणे भरलं.

आतून वहिनींचा आवाज आला की हा आकडा लग्नाच्या बायोडाटातला आहे, आणि आता मुलाचा बायोडाटा करायची वेळ आली.

अण्णा शांतपणे म्हणाले, "त्यांनी वजन विचारलं, मी सांगितलं. कधीचं ते कुठं विचारलं?"

*

मग काटा आला. पहिल्याच आठवड्यात एका मेंढपाळांच्या वस्तीवर गेलो. तिथं पाहुणा आला की घोंगडी अंथरायची पद्धत. काटाही पाहुणाच, त्यालाही चौपदरी घोंगडी मिळाली. नको म्हणायचं आमच्या जिवावर आलं.

अर्धी वस्ती मोजून झाली. वजनं फारच कमी येत होती. सविताताईंना शंका आली म्हणून त्या स्वतः चढल्या, तर सकाळपेक्षा तीन किलो उतरलेल्या. खाली मऊ काही असलं की काटा कमी दाखवतो, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं आणि आम्ही दोघं सोयीस्कर विसरलो होतो. ताईंनी काटा फरशीवर ठेवला आणि अख्खी वस्ती पहिल्यापासून मोजली. मला भूक लागली होती, मी कुरकुरलो. त्यांनी पुढच्याला काट्यावर बोलावलं.

वस्तीवरचे म्हातारबाबा घोंगडी झटकत म्हणाले, "पाव्हण्याला उठवून जमिनीवर बसवलं. आता त्यो जास्तच दाखवनार की."

*

शहराच्या पूर्व भागात टॉवेल विणणाऱ्या एका गल्लीत आमचा आकडा एकदम फुगला. बहुतेक बायका जाड. ऑफिसातून फोन आला, काहीतरी चुकतंय, परत जा.

परत गेलो. दारात एक तेलुगू अम्मा विड्या वळत बसल्या होत्या, सूप मांडीवर, हात थांबत नव्हता. घरातले बाकीचे कुठं, विचारलं. सगळे यंत्रमागावर, दिवसभर उभे. नियम असा की तीनदा जायचं आणि माणूस भेटला नाही तर 'घरी नाही' लिहून पुढं सरकायचं. आम्ही तिन्ही वेळा दुपारीच गेलो होतो, कारण आमची गाडी दुपारीच मोकळी असायची.

अम्मांनी विडीला दोरा गुंडाळला आणि म्हणाल्या, "उभे राहनारे कामावर. बसून काम करनाऱ्या आमी घरात. तुमी येऊन आमालाच मोजता, मग सगळी गल्ली जाड म्हनता."

हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं. रिपोर्टला त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून ते वाक्य गळलं.

*

आमचे जिल्हा समन्वयक जाधवसर. काटा कसा वापरायचा, हे त्यांनी मीटिंगमध्ये स्वतः चढून दाखवलं. बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ, मोबाईल, पाकीट, किल्ल्या काढल्या, चष्मासुद्धा काढला. मग पोट आत ओढून उभे राहिले.

सविताताईंनी आकडा वाचला आणि म्हणाल्या, "सर, श्वास सोडा. वजन तेवढंच राहतं."

*

आता शेवटचा. सांगोल्याच्या पुढं एका गावात, रस्त्याकडच्या खोलीत किराणा दुकान आणि मागं घर. लग्नाला सहा महिने झालेली सून यादीत होती. ताईंनी तिला आतल्या खोलीत मोजलं, सासू शेजारी उभी. सेहेचाळीस किलो. सासूनं कंबर काही मोजू दिली नाही. मी टॅबमध्ये 'नकार' भरला.

चौथ्या दिवशी तपासणीची टीम अचानक त्याच घरात आली आणि आम्हालाही बोलावून घेतलं. सूनबाई काट्यावर उभी राहिली. बेचाळीस.

तपासनीस तरुण होता, आवाज न चढवता बोलला. "ताई, चार दिवसांत चार किलो? हे घरी बसून भरलंय."

"मी हिला स्वतः मोजलंय," एवढंच सविताताई म्हणाल्या आणि खाली उंबऱ्यावर बसल्या. मला त्या माणसाचा भयंकर राग आला, पण काट्यावरचा आकडा त्याच्याच बाजूनं बोलत होता.

त्यानं सुनेला विचारलं, या बाईंनी तुम्हाला खरंच काट्यावर उभं केलं होतं का. ती "व्हय" म्हणाली. पण नजर जमिनीवर. त्यानं फॉर्म काढला आणि ताईंचं नाव लिहायला घेतलं.

सासू दुकानात गेली. दोन-दोन किलोची दोन लोखंडी वजनं घेऊन आली, वाकली आणि काट्यावर ठेवली. चार.

"ह्या बाईची चूक न्हाय," ती म्हणाली. "म्याच हिच्या कमरेला बांधली हुती, पदराखाली."

तपासनिसाचं पेन थांबलं. "पण का, मावशी?"

तिनं सुनेकडं बघितलं नाही.

"लगीन होऊन आली तवा शेचाळीस हुती."